बोरीची फायनल आणि गारपीट

बोरीत मी संगणकाचे क्लास चालवते, म्हणजे मोबाइल गेममधलंही मला सगळं कळत असणार, असा गावाचा समज. त्यामुळे उन्हाळ्यात मंगल कार्यालयात गेमची स्पर्धा ठरली तेव्हा पंच मीच झाले. आयोजक होते मंडपवाले. त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माईक त्यांचा होता.

फायनलला पेडगाव आणि राणीसावरगावची पोरं समोरासमोर बसली. गेममध्ये पेडगावचे तिघं जिवंत होते. राणीसावरगावचा एकच उरला होता, तोही झुडपात दडलेला. तेवढ्यात आभाळ काळं झालं आणि पत्र्यावर गारा आदळायला लागल्या. लाइट गेली, वायफाय गेलं, स्क्रीन थिजले. मंडपवाले माईकवर "घाबरू नका, किरकोळ हाय" सांगत राहिले. माईकही बंद पडलाय, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

छताचा पत्रा उचकटायला लागला. मागच्या भटारखान्याला स्लॅब होता. "तिकडं चला," मी म्हटलं. कुणी हलेना.

"मॅडम, आत्ता रेंज येतीय," पेडगावचा कॅप्टन म्हणाला.

गेममध्ये गोळी सुटली की आडोसा शोधणारी ही पोरं खुर्च्यांना चिकटून बसली होती. शेवटी मी चार्जिंगचा बोर्डच उचलला आणि चालायला लागले. मागून वायरी, वायरींना मोबाइल आणि मोबाइलमागं अख्खी स्पर्धा धावत आली. मंडपवाले ट्रॉफी काखेत मारून शेवटी पोचले, आणि मागोमाग एक पत्रा धाडकन स्टेजवर पडला. मग कुणाला रेंजची आठवण झाली नाही. मी बटाट्याच्या पोत्यावर बसून घेतलं.

गारा थांबल्या आणि भांडण सुरू झालं.

"आमचे तिघं हायेत. ट्रॉफी आमची," पेडगावचा कॅप्टन म्हणाला.

"आमचा गडी कुठं मेलाय? पुन्हा खेळा," राणीसावरगावचा कॅप्टन म्हणाला.

मंडपवाल्यांनी मला विचारलं, "नियमात काय हाय?"

नियम त्यांनीच छापले होते. त्यात पावसाबद्दल अक्षर नव्हतं. गुटखा थुंकू नये एवढं मात्र ठळक होतं. मी सांगितलं, पुढच्या रविवारी पहिल्यापासून खेळायचं.

"तुमी राणीसावरगावच्या हायता का?" पेडगावच्या कॅप्टननं विचारलं.

"मी बोरीची. मला तुमी दोगंबी सारखेच नकोसे झालाव."

राणीसावरगावचा कॅप्टन आधी हसला, मग पेडगावचाही नाइलाजानं हसला.

पुढच्या रविवारी शाळेच्या स्लॅबच्या खोलीत फायनल झाली. पेडगावच जिंकलं, आणि तेही झटपट. मी ट्रॉफी पुढं केली. कॅप्टननं ती घेतली आणि दुसरा हात पसरून तसाच उभा राहिला.

"आता काय?"

"मागच्या रविवारची द्या की, मॅडम."

मंडपवाल्यांनी त्या हातावर नारळ ठेवला.