दुसरा कप

सुशे, खामगावच्या स्टेशनावर मला पोचवायला तूही आली होतीस. जलंबची गाडी हलली तेव्हा बाबांनी खिडकीतून शेवेची पुडी दिली आणि म्हणाले, "पुण्याले पोचली का कार्ड टाकजो, माय." शेजारच्या घरची तू, त्यांच्या धोतराचा सोगा धरून उभी. मला तेव्हाच तुझा राग आला होता.

आपल्या पिंपळगाव राजा गावात तेव्हा पोरींना इंग्रजी कोण शिकवणार? बाबा प्राथमिक शाळेत मास्तर, इंग्रजी स्वतःच धडपडून शिकलेले. संध्याकाळी मला ओट्यावर बसवायचे. एक वस्तू आणून तिचं नाव घ्यायचं. अनेकवचन हवं तर उठून दुसरी आणायची. "एकाले काही लागत नाही. दुसरा आला का एस लागते," म्हणायचे. बुक, बुक्स. डबे आणले की बॉक्स, बॉक्सेस. शेवटी कप. आधी बाबांचा, मग दुसरा, दांडी तुटलेला, तो माझा. मी 'कप्स' म्हटलं की आई दोन्हींत चहा ओतायची. गावात पोरींना कोण चहा देत होतं? मला बाबांच्या बरोबरीनं मिळायचा.

पुण्यात कॉलेजच्या मुली माझ्या 'मले-तुले'ला हसायच्या. होस्टेलच्या मेसमधला चहा पिताना मला ओटा आठवायचा. दिवाळीला घरी आले, तर माझ्या जागी भिंतीला टेकून तू बसलेली.

"सुशे, दुसरा आण," बाबा म्हणाले.

तू मांडणीवरून दांडी तुटलेला कप बरोबर काढलास, 'कप्स' म्हणालीस आणि आईनं दोन्ही भरले. मला फुलाफुलांचा कप आला, खाली बशी. तो पाहुण्यांचा होता.

"घे ना माय, काऊन थंडा करून राह्यली?" बाबांनी विचारलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. ज्यांनी मला शिकायला धाडलं, त्यांनी माझी जागा दिवाळीपर्यंतसुद्धा रिकामी ठेवली नाही.

आता आईबाबा नाहीत. तू गावातच मास्तरीण झालीस, ते कपही तुझ्याकडेच आहेत. मी आले की तुझी कोण धांदल! "ताई, घे ना," म्हणत नवी कपबशी पुढे करतेस आणि स्वतः त्या दांडी तुटलेल्या कपातून चहा पितेस. पुण्यात माझा फ्लॅट आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण घर म्हणशील तर ते त्या वेळी तुझ्या हातात असतं, सुशे, आणि मला ते अजून बघवत नाही.