मावशींचा पाय हलता ठेवताना

आमच्या वॉर्डातले किस्से गोळा करावे लागत नाहीत; ड्यूटी संपवून एप्रन झटकला तरी दोन-चार खाली पडतात. सांगताना हसू येतं, पण घरी जेवताना तेच आठवले की घास उतरत नाही. मी लातूरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. हाडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की पेशंट पडून राहतो. पायात रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटून फुफ्फुसात गेली की खेळ खलास. ती होऊ नये म्हणून पाय हलता ठेवायचा, हे माझं काम. हे सगळे किस्से एकट्या मुखेडच्या रुक्मिणमावशींचे.

*

मावशींच्या मांडीच्या हाडातली गाठ काढून रॉड घातलेला. पायांना गुठळी रोखणारे घट्ट पांढरे स्टॉकिंग्ज चढवून मी जेवून आले, तर पाय उघडे!

मावशींचे मालक शिवाप्पामामा म्हणाले, "घडी करून ठेवलेत. नवेकोरे हायेत, इथं कशाला खराब करायचे? डिस्चार्जला घालू की!"

*

गुठळीसाठी रोज पोटात इंजेक्शन. मामांनी सिस्टरचा हातच धरला. "ऑपरेशन मांडीचं आन् सुई पोटात? पेशंट चुकला तुमचा!"

सर्जननी स्वतः येऊन समजावलं. ते गेल्यावर मामा माझ्या कानात, "डॉक्टर लई भले हायेत. सिस्टरची चूक झाकून राहिले."

*

मी दारात दिसले की मावशींच्या पायाचा पंजा शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा वर-खाली. मी वळले की बंद!

"मावशी, हे माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे!"

"असू दे गं. तू घाबरतीस, म्हणून करते."

घाबरतेच मी. एकदा माझ्या पाठीमागे ताट पडलं आणि मी किंचाळले. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, आजची सुई हिला द्या!"

*

मावशींना उभं करायच्या दिवशी त्यांची अर्धापूरची नणंद केळी घेऊन हजर. "कॅन्सरच्या बाईला चालवता? माणुसकी हाय का न्हाई?"

मी सर्जनना बोलवायला पळाले. आम्ही येईपर्यंत मावशी घोरत होत्या. एक डोळा उघडा ठेवून!

*

संध्याकाळी मामांना बजावलं, "पाय सुजला तर चोळायचा नाही. लगेच सांगायचं."

"हाव."

सकाळी गेले तर पोटरी टम्म, ओठ निळसर. मावशींना श्वास पुरत नव्हता. मी सिस्टरला हाक मारली. मग एकदम ओरडलेच. मामा पायथ्याशी घामाघूम बसलेले. चेहऱ्यावर समाधान.

"जन्मभर हिनं माझे पाय दाबले, मॅडम. पहाटपासून मी दाबून राहिलो. तुम्ही सांगितलं तसं चोळलं न्हाई हां, तेलाचा थेंब लावला न्हाई. गुठळी हाताला लागत होती. आता बघा, पार गेली!"