कवडीचा सकाळचा तोबरा

गिरजेले जे सांगतलं नाई, ते आज तुमाले सांगून राह्यलो. लेकीले ठाऊक नाई, भावाले नाई. देवापुढं बसलो तरी मी याचं नाव काढलं नाई — तिथी बसलो की दुसरंच काहीतरी मागत होतो. गिरजा, माझी बायको, मागच्या हिवाळ्यात गेली. तवापासून घरात बोलाले कोणी नाई, अन् न बोललेलं तेवढं उरलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी. सुरुवात कुठून करायची, ते कळत नाई. घोडीपासून करतो.

सिंदेवाहीच्या ठेसनावरून मी टांगा हाकत होतो. नव्वदच्या पुढची गोष्ट — ऑटो याले लागले होते, पण बाजाराच्या दिवशी बोचकी घेऊन येणारी माणसं अजून टांग्यातच बसत. घोडीचं नाव कवडी. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, बाकी सारी तांबडी. लहान होती तवा आणली, अन् गिरजेनं वाढवली. सकाळचा दाणा माझ्याकडं, संध्याकाळचं खाणं गिरजेकडं, अशी आमची वाटणी. सकाळी मी भिजवलेला चणा कोंड्यात कालवून तोबऱ्यात भरायचो अन् तो तिच्या तोंडाले बांधायचो. गिरजा तोबरा वापरत नवती. पेजेत कालवलेला भात तळहातावर घ्यायची, अन् कवडी तो ओठांनी उचलायची, मंग हात चाटून कोरडा करायची. "हिचे ओठ पाहा ना जी, कापसावानी," गिरजा म्हणायची. मले तेवढी सवड नसे.

आता लाखोरीचं सांगतो. तुमी आमच्याकडचे असाल तं सांगाव लागत नाई. धान कापायच्या आधी बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वावरातल्या, ओलीवर लाखोरी फेकतात, धान निघालं की ती वर येते. आमची डाळ तिची, वडे तिचे, कोवळी भाजी तिची. माझा जलम तिच्यावर गेला. पण माझा बाप — तोही टांगेवालाच — एक गोष्ट बजावून गेला होता. घोड्याले लाखोरी देऊ नोको. काऊन, ते त्याले सांगता येत नवतं. गिरजेनंही ते ऐकलं होतं.

त्या साली चणा महागला, अन् भावानं वावरातली लाखोरी आणून टाकली, पोत्यांनी. मी इचार केला — आमी रोज खातो, आमाले काय झालं? घोडीलेच काय होते? गिरणीवरून भरडून आणली, म्हणजे कोंड्यात कालवली की ओळखू येत नाई. कोणाले ओळखू येत नाई? गिरजेले. घरातलं पोतं कमी झालं, तं विकली म्हणून सांगतलं. आता तुमीच पाहा — लपवाव लागलं, म्हणजे मले आतून ठाऊक होतंच ना? सुरुवातीले चण्यात मूठभर, मंग निम्मी, मंग चणा बंदच. कवडीचं अंग भरलं, कातडीवर चकाकी आली. बापापेक्षा मले जास्त कळते, असं वाटलं.

उन्हाळा लागता लागता ते झालं. नाल्याच्या पुलापुढं जरा चढ आहे. टांगा भरलेला. चढावर कवडीच्या गळ्यातून आवाज निघाला — आरा मशीनवर लाकूड चिरताना येते तसा. मान लांब केली, नाकपुड्या ताणल्या, पण श्वास आत जाऊन नवता राह्यला. बायका उड्या टाकून उतरल्या. मी लगाम सैल केला. जराशानं ती आपोआप थांबली, अन् काही झालंच नाई अशी चालाले लागली. घरी आली, पाणी पेली, गिरजेच्या हातचा भात खाल्ला.

मंग ते परत झालं. मागचे पाय ताठ टाकाले लागली. शेजारी म्हणे नजर लागली. गिरजेनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसका लागला तरी तिथून हटली नाई. मी उभा राहून पाहत होतो. तवा मले तोबरा आठवला का? हो. आठवला.

जनावराचे डाक्टर आले. तरणे होते, पण घाई करणारे नवते. गळ्यावर हात ठेवला, घोडी चालवून पाह्यली, मंग मले इचारलं, "लाखोरी देता काय? देत असाल तर सांगा. मग हिला टांग्याला जुंपायचंच नाही, कितीतरी महिने. धाप लागली की गळा आवळतो. जागच्या जागी जाईल."

गिरजा बादली घेऊन बाजूले उभी होती. तिनं माझ्याकडं पाह्यलंही नाई. तिच्या लेखी उत्तर ठरलेलंच होतं — आमी लाखोरी देतच नाई.

"नाई साहेब," मी म्हटलं. "चणा."

मंग त्यांनी गिरजेले इचारलं. तिनं सारं सांगतलं — भात, पेज, कधी शिळं. भात सध्या बंद ठेवा, थोडे दिवस आराम द्या, असं म्हणून सुई टोचून गेले. दुसरं काय सांगतील? मी खोटं बोललो त्याच्यावरच त्यांनी औषध देलं.

लाखोरी मी त्याच दिवशी थांबवली. हे माझ्या बाजूनं धरू नोका. घोडी महिनोन् महिने उभी ठेवायची, तं गिरजेले कारण सांगाव लागलं असतं. बाजाराच्या दिवशी मी पायी ठेसनावर गेलो, तं ऑटोवाला हसला. "काय गा भाऊ, घोडी पेन्शनीवर गेली काय?" दुसरा म्हणे, "घोडी नाई गा, भाऊच गेला." पुढच्या बाजाराले मी टांगा जुपला. "आजचा दिवस राहू द्या ना जी," गिरजा दारातून म्हणाली. मी ऐकलं नाई.

तोच चढ. कवडी जुपलेलीच खाली गेली. मी पट्टे कापले. तो आवाज येत होता, येत होता — मंग आला नाई.

कोणीतरी गिरजेले सांगतलं. ती उन्हात अनवाणी धावत आली, घोडीची मान मांडीवर घेतली, अन् मले म्हणाली, "अजी, म्या काल मूठभर भात देला हिले. चणा खाऊन नवती राह्यली. डाक्टर नोको म्हणे, तरी देला."

लोक जमले होते. मी म्हटलं, "मंग तूच मारली हिले."

रागात म्हटलं असतं तं येगळं. राग नवताच. सगळ्याईले ऐकू जाईल एवढ्या आवाजात, नीट म्हटलं. गिरजेनं मान खाली घातली.

घरी उरलेली लाखोरी तिनं वर्षभर रांधली. आमी दोघंही जेवलो. डाळ चांगली होत होती.

त्यानंतर तिनं कोण्या जनावराले हातानं खाऊ घातलं नाई. पोळ्याले बैल दारी आले की ताट माझ्या हातात द्यायची अन् आत जायची. चामोर्शीले लेकीच्या घरी नातीचं उष्टावण होतं. सारे म्हणे, आजीनं पहिला घास द्यावा. गिरजेनं हात पदराखाली घेतले. "माह्या हाताले यश नाई व," लेकीले म्हणाली. लेक हसली, तिले मस्करी वाटली. मी तिथीच बसलो होतो. पहिला घास मीच देला.

इतकी वर्षं सांगतलं काऊन नाई? पहिले भीती होती. मंग सवय झाली. अन् खरं सांगू? त्या दिवसापासून ती माझ्यापुढं नमून वागत होती — ते मले बरं वाटत होतं.

शेवटी शेवटी तिचे हात उचलत नवते. मी कण्या शिजवून, मीठ टाकून पेज करायचो अन् चमच्यानं पाजायचो. एका सकाळी तोंड पुसून देलं, तं म्हणाली, "तुमच्या हाताले यश आहे जी. तुमी पाजलं की पोटात टिकते."

घरात आमी दोघंच होतो. खाटेवर ऊन आलं होतं. ती माझ्याकडं पाहत होती, अन् तिनं तोंड उघडलं — पुढच्या घोटासाठी.

मी चमचा भरला.