दिनूच्या इंजिनाची गाळणी

माझा मित्र दिनू गेल्याचा फोन त्याच्या बायकोने, शैलावहिनींनी केला तेव्हा मला आधी हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटत नाही. वर्षभर आजारपणात त्याने जे सोसलं ते संपलं होतं, आणि तेही भर दुपारी, घरी, खुर्चीत बसल्या बसल्या... माझ्या मनातली एक जुनी बोच मात्र तशीच राहिली होती.

दिनू साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मी गोदीतल्या वर्कशॉपमध्ये. ऐंशीच्या दशकात त्याने एक सेकंडहँड बोट घेतली. चौघांपुरती, मागे लटकवलेलं जुनं आउटबोर्ड इंजिन आणि पत्र्याची गंजकी टाकी. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "टाकी आणि इंजिनाच्या मध्ये फ्युएल फिल्टर टाक." तर या पठ्ठ्याने वहिनींचं चक्का बांधायचं मलमलीचं फडकं पळवलं आणि पेट्रोल त्यातून गाळून टाकीत भरायला लागला. "हा बघ फिल्टर. डबल फोल्ड." घरातलं श्रीखंड बंद झालं. अरे, गंज टाकीच्या आतच सुटतो, पाणीही आतच जमतं, तुझं फडकं ते कसं अडवणार, हे मी त्याला शंभरदा सांगितलं असेल.

एका रविवारी माझी केतकी, तेव्हा नऊ वर्षांची, आमच्याबरोबर होती. नेमकं मोठ्या जहाजांच्या वाटेत इंजिनाने मान टाकली. "काका, इंजिन बंद झाला," केतकी तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. समोरून कंटेनरचं जहाज येत होतं. आम्ही दोघं वल्ही मारत कसेबसे कडेला आलो, आणि धक्क्याला लागल्यावर मी नको ते बोललो. "लोकांना भूल देतोस तू, आणि इतका बेफिकीर? तुझ्या हातात माझी पोर पुन्हा देणार नाही." वर्षभर आम्ही बोललो नाही.

मग एका शनिवारी सकाळी त्याचाच फोन. "फिल्टर आणलाय. इनलेट कुठलं, आउटलेट कुठलं, काही कळत नाहीये. येतोस का?" गेलो. नळी कापली, फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे ठेवून तो बसवला, क्लिपा आवळल्या. अर्ध्या तासाचं काम. रबरी पंप दाबल्यावर फिल्टरच्या पारदर्शक वाटीत पाणी आणि गंजाची पूड जमली. दिनूने वाकून ती वाटी नीट पाहिली. "सॉरी रे," म्हणाला. मी मात्र माझं वाक्य मागे घेतलं नाही. चहा झाला, हसणं झालं, ते राहूनच गेलं. पुढे केतकी त्याच्याकडे बोट चालवायला शिकली, पण दर वेळी तो आधी मला फोन करायचा. "नेऊ ना तिला?" मोठी झाली तरी विचारायचा. त्या प्रश्नाने मला दर वेळी टोचायचं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोट बघायला बोलावलं, म्हणून केतकीला घेऊन गेलो. इंजिनाचा फिल्टर नवा कोरा होता, वहिनी म्हणाल्या, यंदा एप्रिलमध्ये, आजारपणातच बदललेला. त्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये सिरिंजला लावतात तशी पांढरी पट्टी, आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: 'पुढच्या वर्षी केतकी बदलेल. बापाला विचारायचं नाही.'

मी तिथेच खाली बसलो. हसू आलं, रडू आलं, आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू...

"बाबा, काय लिहिलंय काकांनी?" केतकीने विचारलं. तिला मराठी वाचता येत नाही, आणि दिनूला ते चांगलं ठाऊक होतं.