महाबली ज्युनिअर कॉलेज, मुक्काम देवबाग

कोलंबी सोलायला बसलं की शेवटी कोलंबी वाटीभर आणि सालं टोपलीभर होतात. आमच्या गेमचंही तसंच झालं. गेम एक, आणि तो करताना साठलेले किस्से टोपलीभर! फेकून द्यायला जीव होत नाही. म्हणून बसा, सांगते.

आधी आम्ही कोण ते ऐका. मी लिहिते. सुऱ्या कोडिंग करतो. लीना आमच्या दोघांच्या चुका काढते, आणि तिला त्यात अतिशय आनंद मिळतो. तिघं एकाच कॉलेजातले. पावसाळ्यात पर्यटक नसतात, तेव्हा मालवणजवळच्या देवबागला सुऱ्याच्या घरच्या होमस्टेतली माडीवरची खोली रिकामी असते. तेच आमचं ऑफिस. खाली माडाच्या झापांनी झाकलेल्या होड्या, वर आम्ही.

गेम शब्दांचा आहे. फोनवर मजकूर येतो, खाली पर्याय येतात, तुम्ही एक दाबता आणि गोष्ट त्या वाटेने पुढे जाते. खाडी आणि समुद्राच्या मधल्या वाळूवर एक कॉलेज आहे, महाबली ज्युनिअर कॉलेज. तिथे सुपरहिरो व्हायचं शिक्षण मिळतं. तुम्ही तिथले विद्यार्थी. बारावी व्हायच्या आत समुद्रातून येणाऱ्या राक्षसाला हरवायचं, नाहीतर मालवण बुडालं!

पुण्यातल्या एका छोट्या गेम कंपनीने याचे पहिले भाग वाचले आणि मला कळवलं, 'पूर्ण करून पाठवा. जमलं तर आमच्याकडे लेखिका म्हणून या.' मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मनातल्या मनात मी बॅगेची चेनसुद्धा लावून टाकली होती. पण आमच्या घरात कोण कुठे जाणार हे मोठे काका ठरवतात. बाबा बोटीवर असतात. फोनवर त्यांचं एकच वाक्य: "दादा सांगतील तसं."

*

म्हणून पहिल्यांदा गेम काकांना दाखवला. काका काजूच्या बागेतून आले होते. हातपाय धुऊन, चष्मा लावून त्यांनी फोन हातात घेतला.

"ह्येच्यात चित्रां खंय?"

"नाहीत."

"गाणी?"

"नाहीत."

"मगे ह्या पुस्तक."

"पुस्तक नाही हो काका! पुस्तकात पुढे काय होणार ते लेखक ठरवतो. यात वाचणारा ठरवतो!"

काकांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघून म्हणाले, "म्हणजे लिवणारान अर्धा काम टाकल्यान आणि ता आता लोकांनी करूचा! आणि ह्येच्यासाठी ह्येका पुण्याक जावचा आसा?"

*

सुऱ्याने एकदा हट्ट धरला, "एक भाग मी लिहिणार." दिला. त्यात आमचा उडता येणारा विद्यार्थी पिंट्या देवबागहून विजयदुर्गला जातो, कारण राक्षस तिथे किल्ल्याच्या तटावर चढायला लागलाय. सुऱ्याने लिहिलं: 'पिंट्या आभाळात झेपावला. वारा कापत, ढग फोडत तो तळेऱ्याला आला आणि तिथून डावीकडे वळला.'

लीनाने विचारलं, "सुऱ्या, हा उडतोय ना?"

"होय."

"मग आत हायवेवर तळेऱ्याला कशाला गेला?"

"विजयदुर्गाक जाताहा ना तो?"

"अरे पण उडतोय! किनाऱ्याकिनाऱ्याने सरळ जाईल की!"

सुऱ्या खरोखर विचारात पडला. खिडकीतून समुद्राकडे बघितलं, परत स्क्रीनकडे बघितलं. "पण फाटो तळेऱ्याकच फुटता!"

आम्ही हसून लोळलो. पण ते वाक्य घाईत तसंच राहिलं आणि गेम तपासायला लोकांकडे गेला. एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही! उलट कणकवलीच्या एकाने सूचना पाठवली: 'तळेऱ्याला थांबून चहा घ्यायचा पर्याय द्यावा.'

*

गेम तपासायला वडीलधाऱ्यांना घ्यायचं ही कल्पना लीनाची. मी कडाडून विरोध केला होता. मोठ्या माणसांना खेळ दिला की ती खेळत नाहीत, खेळाला वळण लावतात! पण लीना म्हणाली, "सामंत सर शेजारीच आहेत, रिटायर्ड आहेत, बारीक वाचतील."

सर बारीकच वाचतात. मुख्याध्यापक होते. आठवड्याने त्यांनी आम्हाला घरी बोलावलं, समोर बसवलं आणि म्हणाले, "कथा उत्तम आहे. शिस्त चांगली दाखवली आहे. फक्त घटना कमी वाटतात."

घटना कमी? पहिल्याच तासाला राक्षस येतो! कॉलेजची भिंत पाडतो! आम्ही सरांचा खेळ उघडून बघितला.

भिंत पडते तेव्हा तीन पर्याय येतात. खिडकीतून उडी मारा, मित्राला वाचवा, किंवा वर्गात बसून राहा. सरांनी वर्गात बसणं निवडलं होतं. पुढच्या वेळी परत वर्गात. त्याच्या पुढे परत वर्गात. बाहेर जेट्टी गेली, बाजारपेठ गेली, किल्ल्याच्या तटावरून पाणी गेलं, सर आपले बाकावर!

"सर, तुम्ही बाहेर का नाही गेलात?"

"तासाची घंटा झाली नव्हती."

"सर, मालवण बुडालं!"

सर जराही हलले नाहीत. "बुडालं असेल. माझी हजेरी पूर्ण आहे."

*

बाबीमामा म्हणजे सुऱ्याचा मामा. दशावतारी नाटक कंपनीत राजाचं काम करतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते हे तुम्हाला ठाऊकच असेल. कथा तेवढी ठरलेली, संवाद जागच्या जागी सुचेल तसे. समोरच्याने काही टाकलं की याने उचलायचं, याने टाकलं की त्याने. पहाटेपर्यंत असे बोलतात की माईकवाला थकतो.

या माणसाला आम्ही पर्याय दिले: 'एक: लढा. दोन: पळा.'

"राजा आकड्यात बोलणा नाय," मामा म्हणाला. मग सुऱ्याने त्याला बोलून टाइप करायची सोय दाखवली, आणि आम्ही संपलो! मामा उठून उभा राहिला, खांद्यावरचा टॉवेल शेल्यासारखा टाकला आणि फोनसमोर गरजला, "रे अधमा! सागराच्या उदरातून उठून माझ्या प्रजेस भय दाखवतोस? या भुजांचे बळ तू अजून पाहिले नाहीस!" आणि असं बरंच. अंगावर काटा आला हो!

गेमने उत्तर दिलं: 'समजलं नाही. एक किंवा दोन निवडा.'

मामाने आवाज चढवला. राक्षसाचा बाप काढला, आजा काढला, पाताळ काढलं.

'समजलं नाही. एक किंवा दोन निवडा.'

तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं तेव्हा मामाने टॉवेल काढला, खाली बसला आणि वैतागून सुऱ्याला म्हणाला, "रे, ह्या राक्षसाक कंपनीत कोणी घेतल्यान? एकच वाक्य पाठ करून इलोहा!"

*

आई अंगणवाडीत शिकवते. घरात काकांसमोर फारसं बोलत नाही, आणि यावरून माझी तिची अनेकदा जुंपते. "तू बोलत का नाहीस गं?" हा माझा ठरलेला प्रश्न आणि "आमटी उतू जाताहा" हे तिचं ठरलेलं उत्तर.

तिने गेम मागून घेतला. मला वाटलं माझ्या समाधानासाठी. पण मासे शिजेपर्यंत, कपडे वाळेपर्यंत, जिथे सापडेल तिथे ती खेळायला लागली.

आमच्या गेममध्ये एका जागी राक्षस समोर उभा असताना 'त्याच्याशी बोलून बघा' असा पर्याय आहे. तो कोणी निवडत नाही. सुपरहिरोचा गेम, बोलायला कोण येतंय! म्हणून मी त्याच्यापुढे आळसाने एकच ओळ लिहून ठेवली होती: 'राक्षस तुमचं ऐकत नाही.' मग परत तेच पर्याय.

आईच्या फोनवर बघते तर ती ओळ पुन्हा पुन्हा आलेली. 'राक्षस तुमचं ऐकत नाही. राक्षस तुमचं ऐकत नाही.' बोट खाली सरकवून दुखलं तरी तेच!

"आई, अगं हे काय! लढ की! किती वेळा तेच दाबतेस?"

तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा तोच पर्याय दाबला.

"लगीन झाल्यापासून ह्योच दाबतंय मी. आता बोटाक सवय झालीहा."

मी त्या दिवशी तडक घरातून निघाले आणि देवबागला जाऊन राक्षस ऐकतो असा पूर्ण भाग लिहिला. गेममधला तो सगळ्यात चांगला भाग आहे असं लीना म्हणते. आणि लीना एरवी असं काही म्हणत नाही!

*

गेम पूर्ण झाला, पाठवला, आणि कंपनीचा व्हिडिओ कॉल ठरला. रेंज आमच्या घरी फक्त पडवीत येते. मी पडवीत बसले, चांगला कुर्ता, मागे कोरी भिंत. घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं, "इथून कोणी जायचं नाही!"

पलीकडच्या बाई हुशार होत्या. छान चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या कॉलेजात एखादा सुपरहिरो शेवटच्या परीक्षेत नापास झाला तर? त्याचं पुढे काय होतं?"

हे मी लिहिलंच नव्हतं! मी उत्तर शोधतेय, तेवढ्यात माझ्या मागून कोरी भिंत झाकून काका गेले. कमरेला पंचा, दोन हातांत दोन नारळ. चालता चालता म्हणाले, "काय व्हतला? ऑक्टोबरात बसतलो! तवसर मालवणच्या लोकांनी कळ काढूची!"

बाई इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. म्हणाल्या, "हे पण तुमच्या टीममध्ये आहेत का? यांनाही घेऊन या!"

काका थांबले, वाकले, कॅमेऱ्यात नुसतं कपाळ दिसेल एवढे जवळ गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "माका जमाचा नाय. थय ताजे मासे गावणत नाय."

दोन दिवसांनी कंपनीचा होकार आला. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. जेवताना मी काकांना सांगितलं. आणि तोच माणूस, पुण्याच्या बाईंना हसवणारा, भात कालवता कालवता म्हणाला, "चेडू एकटा पुण्याक रवतला आणि खेळ लिवतला? नाय."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मी भांडले. शिक्षण कशाला दिलंत, विचारलं. तुमचा मुलगा मुंबईला गेला तेव्हा कोणी विचारलं होतं, विचारलं. आवाज शेजारपर्यंत गेला. आई वाढत होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "माझा आयकू नको. देवाक विचारूया. देव सांगात तसा."

"देवाने गेम खेळलाय का?" मी ओरडले. पण शुक्रवारी सकाळी देवळात जायचं ठरलं.

*

आमच्याकडे कौल कसा लावतात ते माहीत नसेल तर सांगते. गुरव देवाच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. देवाचा शब्द. त्यापुढे कोणी बोलत नाही, काकाही नाही, मीही नाही.

काका धुवट लेंगा-सदऱ्यात पुढे उभे. मी मागे, दात आवळून. आई माझ्या बाजूला. देवळात नेहमीची चार-पाच माणसं होती, तीही कौल म्हटल्यावर जवळ आली. गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि मान वळवून विचारलं, "बोला. काय विचारूचा?"

काकांनी घसा साफ केला. काकांचा घसा साफ व्हायला वेळ लागतो.

तेवढ्यात माझ्या बाजूने आवाज आला. "गुरवांनू, असा विचारा. चेडू कामाक पुण्याक जाताहा. उजवो दिल्यान तर एसटीन जातला. डावो दिल्यान तर लक्झरीन जातला."

गुरवाने काकांकडे बघितलं. काकांनी आईकडे बघितलं. आईने देवाकडे बघितलं.

देवासमोर विचारलेला प्रश्न गुरव कसा परत घेणार! त्याने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा महाराजा! ह्या तुझ्या लेकरांचा चेडू कामाक पुण्याक जाताहा रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे म्हणाले.

"उजवो दिलंस तर एसटीन जातला, डावो दिलंस तर लक्झरीन जातला, काय ता तुया सांग रे महाराजा!"

"होय महाराजा!" आणि या वेळी सगळ्यात मोठा आवाज काकांचा! जन्मभराची सवय, गाऱ्हाण्याला तोंड आपोआप उघडतं. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मग सगळ्यांचे डोळे देवाकडे. पाकळ्या चिकटलेल्या. बाहेर कुठेतरी कोंबडा ओरडला. एक पाकळी सरकली, थांबली, परत सरकली आणि पडली.

डावी.

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. गुरवसुद्धा काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. काकांनी वाकून ती पाकळी नीट बघितली. मग वळले आणि आईला म्हणाले, "सीट खिडकीकडची घेवा. तेका गाडी लागता."