पिंपळझिऱ्याची बत्ती

धरण भरले तेव्हा पिंपळझिरा गाव पाण्याखाली गेले आणि गावामागची टेकडी बेट झाली. देव नव्या वसाहतीत नेला. दीपमाळ मात्र कोण उचलणार? ती टेकडीवर एकटीच उरली.

बऱ्याच वर्षांनी अमरावतीच्या राजापेठेतल्या वकील चारुशीलाताईंनी तिच्या दुरुस्तीचा ध्यास घेतला. शिक्षक, विद्यार्थी, एक निवृत्त ओव्हरसियर अशी माणसे आळीपाळीने बेटावर पत्र्याच्या खोलीत राहू लागली. चुना मळायचा, निखळलेले दगड बसवायचे, धरणाचे पाणी गाळून-उकळून प्यायचे. दोन उन्हाळ्यांत दीपमाळ पांढरीशुभ्र उभी राहिली.

दिवाळीनंतर पणत्या लावायचा कार्यक्रम ठरला, आणि एकही पणती टिकेना. गाव होते तेव्हा घरे आणि झाडे वारा अडवीत. आता चहूकडे उघडे पाणी. हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. जेवणासाठी वलगावहून दोन गॅसबत्त्या भाड्याने आणल्या होत्या, त्याच शेवटी दीपमाळेपाशी नेऊन ठेवल्या.

बत्त्यांबरोबर आली होती बिल्कीस आपा. नवऱ्यामागे वरातीच्या गॅसबत्त्यांचा धंदा तिने एकटीने चालवला होता. जनरेटर आले आणि धंदा बसला, तरी ती काचा घासूनपुसून ठेवी.

दुसऱ्या दिवशी नत्थुजी नाव काठाला लावून वर आले. ते मूळचे पिंपळझिऱ्याचेच. दोन हजार चार-पाचचा तो काळ, कापसावर भरवसा उरला नव्हता. त्यांच्यासारख्या कितीतरी जणांनी शेती सोडून धरणात जाळी टाकायला सुरुवात केली होती. पाणी म्हणजे विहिरीचे, एवढेच त्यांना ठाऊक. अंधार पडला की बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि विजेचे खांब नावेला लागत. आदल्याच वर्षी एक नाव फुटून दोघे गेले होते.

"काल सरळ घरी गेलो," नत्थुजी म्हणाले. "उजेड डाव्या हाताले ठेवला, बस. आज बी लावून राहिले काय?"

"नत्थुजी, आमचा कार्यक्रम संपला हो," चारुशीलाताई म्हणाल्या.

आपा काच पुसत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "याइचा संपला असन. मी राह्यते."

आणि ती राहिली. तिचा फरदीनही एका नावेत भागीदार होता. आई पोरासाठी बेटावर बसली, असेच सगळे म्हणत. तिने कधी नाही म्हटले नाही.

बत्ती उंच टांगायला हवी होती. चारुशीलाताई दीपमाळेत खिळा ठोकू देईनात. "आपा, हात सोलून निघाले आमचे तिच्यापायी."

"नका देऊ. तुमची दीपमाळ म्हंजे नवी नवरी, हात लावाले बी भेव वाटते." आपाने जोत्यावर बांबू उभा केला आणि त्याला बत्ती टांगली.

देखरेखीला राहणारे स्वयंसेवक पंधरवड्याने बदलत. आपा तीच. प्रत्येक नव्या माणसाला ती मँटल बांधायला शिकवी. ही नाजूक जाळी एका फुंकरीने फाटते, म्हणून त्यांना श्वास रोखायला लावी, आणि कुणाच्या हातून फाटलीच तर, "कालेजात हेच शिकवते काय?" म्हणे. संध्याकाळी आधी बत्ती पेटे, मग तिची नमाज होई.

माघात एका दुपारी आभाळ एकाएकी काळवंडले. पश्चिमेकडून वारा सुटला. फरदीन धापा टाकत वर आला.

"अम्मी, चल! चारुताई, तुमीबी. नाव खाली उभी हाय. गारपीट येऊन राहिली."

चारुशीलाताईंनी पिशवी उचलली. आपा बत्ती खाली घेऊन तिच्यात हवेचा पंप मारत होती.

"कोण कोण हाय पाण्यात?"

"नत्थुजी, अन् वसाहतीतल्या दोन नावा. येतीन ते आपले आपले."

"कसे येतीन? तू उजेडी आला म्हनून बोलून राहिला."

"मी आलो ना अम्मी! आता कोनासाठी बसतं?"

आपाने पंप थांबवून त्याच्याकडे पाहिले. "बत्ती का तुह्यासाठी लावत होती मी? मोठा आला नवाब!"

तिने बत्ती बांबूला टांगली, तेवढ्यात तो कडाडला. तिने झेप घेऊन बत्ती धरली. काच वाचली. पण टांगायला आता काही नव्हते. तिने ओढणीची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर बत्ती घेतली आणि दीपमाळेच्या आडोशाला पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. नावा त्याच बाजूने यायच्या होत्या. पाठीमागचा ताजा चुना उजळला. एका बत्तीच्या उजेडात अख्खी दीपमाळ पाण्यावरून दिसू लागली.

"अम्मी, खाली ठेव. मान मोडन!"

"वरात दारात आल्याबिगर बत्ती खाली ठेवत नाई."

गारा पडू लागल्या. चारुशीलाताईंनी पिशवी टाकली, खोलीतली ताडपत्री ओढून आणली आणि एक टोक फरदीनच्या हाती दिले. दुसरे स्वतः धरून त्या आपाच्या बाजूला उभ्या राहिल्या. उजेड मंदावला की फरदीन एका हाताने पंप मारी. अंधार पुरता दाटला तेव्हा खालून हाक आली. मग दुसरी. तिसरी फार उशिरा आली, आणि ती येईपर्यंत आपाचे डोळे पाण्यावरून हलले नाहीत.

फरदीनने बत्ती उतरवून घेतली तेव्हा तिला मान वळवता येईना. अंगासकट वळून तिने चढून येणारी माणसे पाहिली. नत्थुजी शेवटचे होते, ओलेचिंब.

"जाळं तोडून टाकलं, आपा," ते खाली बसत म्हणाले. "उजेड दिसला तवा दोन्ही होईना, जाळं वढनं अन् नाव वल्हवनं."

"बरं केलं. जाळं इकत भेटते." तिने चुलीत काड्या सारल्या, पिठल्याचे भांडे चढवले, आणि दारात उभ्या पोराला म्हणाली, "तू काय पाहून राहिला बे? मार पंप. याइले ताटातलं दिसलं पायजे."