घोट्यावरचा डाग

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, बहिणीला नाही, देवापुढे दिवा लावतानाही नाही. आणि मी कशी, ते विठ्ठलवाडीत कोणालाही विचारा — फटकळ. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना तोंडावर बोलून मोकळी होणारी. मग हे एकच का घशात अडकून बसलं? सांगते. जरा आडवळणाने जाईन, चालवून घ्या.

माझी मुलगी वैशाली नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा तिची तन्वी पाच वर्षांची. संतोषराव, म्हणजे माझे जावई, रागीट. एकदा भरलं ताट भिंतीवर फेकलं होतं त्यांनी, हे खरं आहे. त्यामुळे वैशालीची भीती काही उगाच नव्हती. तरी दर रविवारी ते लेकीला कोपरला आपल्या घरी न्यायचे आणि संध्याकाळी आणून सोडायचे. मग एका मंगळवारी वैशालीला तन्वीच्या घोट्यावर फोड दिसले, आणि आम्ही ठाण्याच्या फॅमिली कोर्टात अर्ज केला. बाप मुलीला चटके देतो, त्याची भेट बंद करा.

तिथल्या समुपदेशक बाई — काय बाई होती हो. वकिलाने फोटो पुढे केले, वैशाली रडली, मीही पदर डोळ्यांना लावला, तरी ती वाहून गेली नाही. संतोषरावांनी आवाज चढवला, तर त्यावरूनही तिने त्यांना गुन्हेगार ठरवलं नाही. डॉक्टरांचा कागद मागवला. फोड कशाने आले ते नक्की सांगता येत नाही, असं त्यात होतं. दोन्ही घरं स्वतः येऊन पाहिली. तन्वीशी एकटीशी बोलली, जमिनीवर मांडी घालून, मध्ये रंगपेटी ठेवून. घाई नाही, कोणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द नाही. मला तिचा आदर वाटत होता आणि भीतीही.

मग मला आत बोलावलं. म्हणाल्या, "आजी, तन्वी सांगते, आजीने पायाला औषध लावलं आणि मग दुखलं. कसलं औषध?"

बघा. पोरीने खरं सांगितलं होतं.

रविवारी ती बागेत पाय मुरगळून आलेली. वैशाली ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलेली. सोमवारी मी बिब्बा दिव्यावर धरला आणि त्याचं तेल सुईच्या टोकाने घोट्यावर टिपक्याटिपक्यांनी लावलं. माझ्या आईने मला लावलेला, तिला तिच्या आईने. पण कोवळी कातडी — बिब्बा उतला, रात्रीत टरटरून फोड आले. असले गावठी उपचार पोरीवर करायचे नाहीत, असं वैशालीने मला शंभरदा बजावलं होतं. ती आली, पाय पाहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्यानेच चटका दिलाय." मी गप्प राहिले. लेकीचा ओरडा नको म्हणून, बाकी काही नाही. मग वकील आले, अर्ज आला, सही झाली.

पण त्या खोलीत मी नुसती गप्प राहिले का? नाही. मी बोलले. "फोड आल्यावर हळद लावली हो मी. लहान आहे ती, घोळ करते."

आणि घरी येऊन तन्वीलाही तेच. आधी फोड आले गं, मग आजीने हळद लावली, तू घोळ करतेस. जेवताना, वेणी घालताना — किती वेळा म्हटलं असेल? पुढच्या वेळी बाईंनी विचारलं तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, मला नक्की आठवत नाही, मी घोळ करते.

बाईंनी दोन्ही लिहून ठेवलं. पोरीचं पहिलं वाक्य माझ्या शब्दाखातर खोडलं नाही. म्हणूनच जजसाहेबांनी बापाची भेट तोडली नाही. आधी कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत, बाईंच्या देखत, शनिवारी दोन तास. मग दिवसभर बाहेर. मग मुक्काम. दीड वर्ष लागलं. ते रागीट संतोषराव शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन यायचे, पण एकदाही उशीर नाही. समोर परकं माणूस वहीत टिपतंय आणि हे भातुकलीतला चहा पितायत. निघताना मला विचारायचे, "आई, बऱ्या आहात ना?" मी म्हणायचे, बरी आहे.

तन्वी आता तेरा वर्षांची आहे. शनिवार-रविवार कोपरला असते, खुशीत असते. घोट्यावर पुसट डाग आहे.

परवा मी तिला गच्चीची किल्ली कुठे ठेवली म्हणून विचारलं. "फ्रीजवर ठेवलेली मी," म्हणाली. मग लगेच, "म्हणजे — मला वाटतं तसं. माझं नको धरूस आजी, मी घोळ करते."

किल्ली फ्रीजवरच होती.